बारशाचा वरवंटा

तोंडात तंबाखूचा बार भरलेल्या माणसाचं बोलणं दुसऱ्या भाषेत सांगायचं, याच्याइतकं किळसवाणं काम मी आयुष्यात केलेलं नाही. खरकटी भांडी घासणाऱ्याला निदान राख तरी मिळते. दुभाष्याला समोरच्याचं सगळं आधी आपल्या तोंडात घ्यावं लागतं, आणि मग ते धुऊनपुसून दुसऱ्याला द्यावं लागतं.

मी कसबा पेठेत राहते. घराच्या पुढच्या खोलीत जपानी शिकवते आणि अधूनमधून दुभाषी म्हणून पाहुण्यांबरोबर उभी राहते. खाली गल्लीत तांबटांची ठोकाठोक चालू असते, तिच्यावर आवाज चढवून मुलांकडून धातूंची रूपं पाठ करून घेते. अशाच एका सकाळी तो जिना चढून आला. वारज्याचा बिल्डर. गाव महापालिकेत आलं, शेताला फुटावर भाव आला, आणि आजोबांच्या ज्वारीच्या रानावर ह्यानं पहिली स्कीम उभी केली. सगळे फ्लॅट विकले गेले. आता शेजारच्या प्लॉटवर दुसरी स्कीम काढायची होती आणि तिला थीम हवी होती.

"जपान थीम," तो म्हणाला. "लाल कमान, दगडी दिवे, शांतता. पब्लिकला शांतता लागती, मॅडम. शांततेचा रेट येगळा."

त्याला जपानमधलं एखादं जुनं देवळांचं गाव पायी फिरून बघायचं होतं. फोटो काढायचे होते, मापं घ्यायची होती. दुभाषी मी. बरोबर त्याची आई येणार होती. वडील गेल्यापासून ती घरात नुसती बसून असते, तिला काशी दाखवायची राहिली ती राहिलीच, आता जपानच्या देवाला तरी नेतो, असं तो म्हणाला. एका दगडात दोन पक्षी मारायची सवय असलेला माणूस. मी हो म्हटलं, कारण शिकत होते तेव्हा तिथल्या अशाच एका डोंगरावरच्या गावात मी एकदा राहिले होते आणि पुन्हा जायची माझी फार इच्छा होती. शिवाय दुसऱ्या खेपेला तो आईला घेऊन आला होता आणि म्हातारी मला बघताक्षणी आवडली होती. नऊवारी लुगडं, खाली पोराने घेऊन दिलेले पांढरे कॅनव्हासचे बूट, आणि चेहऱ्यावर 'चला, काय व्हायचं ते होऊ दे' असा भाव.

त्या गावात गाइड फुकट मिळतात. गावातली निवृत्त माणसं हौसेनं हे काम करतात. आमच्या वाट्याला आलेली गाइडबाई सत्तरीची होती. पूर्वी तिचं टोफूचं दुकान होतं. डोक्यावर कापडी टोपी, हातात पांढरे सुती मोजे आणि एक छोटासा पिवळा झेंडा. पाहुणे आम्ही तिघंच होतो आणि रस्त्यावर दुसरं माणूस नव्हतं, तरी तो झेंडा ती शेवटपर्यंत वर धरून चालली.

उंचच उंच जुनी झाडं, त्यांच्या बुंध्यांशी शेवाळलेले दगडी दिवे, मधून गेलेली फरसबंद वाट. दर वळणाला एक देऊळ. लाकडी छपरं काळी पडलेली, आणि इतकं स्वच्छ की आपल्या चपलांची आपल्यालाच लाज वाटावी. गाइडबाई प्रत्येक ठिकाणी थांबून हळू आवाजात सांगायची. मी मराठीत सांगायचे. आणि बिल्डर मापाची टेप काढायचा.

हो, टेप. पहिल्याच वेशीपाशी त्यानं खिशातून टेप काढली, तिचं एक टोक माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, "तेवढं धरा." खांबावर बोटाच्या पेरांनी टकटक करून त्यानं लाकडाचा घनफुटाला काय भाव असेल ते विचारलं. मी ते गाइडबाईला विचारलं नाही. "त्यांना माहीत नाही," असं परस्पर सांगून टाकलं. एका दगडी दिव्यावरचं शेवाळ त्यानं नखानं खरवडून बघितलं. ते तिथं बसायला किती पिढ्या गेल्या असतील, आणि हा ते नखात घेऊन वास घेतोय. मला त्याच्या नखाकडे बघवेना.

पण खरी शिसारी आली ती डोणीपाशी. तिथं देवळात शिरण्याआधी दगडी डोणीतलं पाणी बांबूच्या पळीनं घेऊन हात धुतात आणि तळहातावरच्या पाण्यानं चूळ भरतात. चूळ टाकायची ती बाहेर, खालच्या चरात. गाइडबाईनं करून दाखवलं. मी करून दाखवलं. म्हातारीनं अगदी आपल्या घरच्या तुळशीपुढं करावं तसं नीट केलं. मग हा पुढे झाला. पळी सरळ तोंडाला लावली, गालातला बार मोकळा केला, खळाखळा चूळ भरली आणि डोणीत टाकली. स्वच्छ पाण्यात ती तपकिरी चूळ पसरत गेली आणि तिच्यातून तंबाखूचे कण तरंगत वर आले.

गाइडबाईनं हातमोजे काढले, पळ्या एकेक करून धुतल्या, ओंजळीनं वरचं पाणी काढून टाकत राहिली. म्हातारी तिच्याशेजारी जाऊन उभी राहिली आणि तीही ओंजळीनं पाणी काढू लागली. पोराकडे न बघता म्हणाली, "ह्याला लहानपणापासनं सांगती, इहिरीत थुकू नगं." बिल्डर तोपर्यंत पुढच्या छपराचा फोटो काढत होता.

दोघी बायकांचं त्यानंतर फार जमलं. याला कारण एक शब्द. जपानीत 'हाय' म्हणजे हो. पण बहुतेक वेळा ते नुसतं 'ऐकतेय, बोला' असं असतं. आपण फोनवर 'हं, हं' म्हणतो तसं. आणि आमची म्हातारी वारज्याची; तिच्या दर वाक्याच्या शेवटी हाय.

"लई थंडी हाय," म्हातारी म्हणायची.

"हाय," गाइडबाई मान लववून म्हणायची.

"देव जुना हाय."

"हाय."

मी मधे काही सांगायला गेले तर म्हातारी हातानं मला थांबवायची. "राहू दे गं पोरी. आपल्याकडचीच दिसती बोलायला." त्या दोघींच्या मधे दुभाषी नको होता, आणि खरं सांगायचं तर तेवढाच काय तो वेळ मला त्या दिवसात माणसांत असल्यासारखं वाटलं.

दुपारी आम्ही एका देवळामागच्या उतारावर आलो. तिथं दगडी बाळं होती. जिझो. वितभर उंचीची, गुळगुळीत, नाकडोळे असून नसल्यासारखे, हात जोडलेले. उतारावर पायरी-पायरीनं मांडलेली शेकडो. प्रत्येकाच्या गळ्यात लाल लाळेरं. पुष्कळांच्या डोक्याला लोकरीचं विणलेलं टोपडं. काहींपुढे भिरभिरं खोचलेलं, काहींपुढे दुधाची छोटी खोकी.

जिझो कशासाठी असतात ते मला माहीत होतं. मी तोंड उघडणार तेवढ्यात म्हातारीनं दोन्ही हात गालांवर नेले आणि कानशिलांवर बोटं मोडली.

"अगं बया," ती म्हणाली. "हे तर बारशाचे वरवंटे."

आमच्याकडे बारशाला वरवंटा लागतो. पाट्यावरचा वरवंटा धुऊन, तेल लावून, त्याला टोपडं घालतात आणि पाळण्याच्या वरून-खालून बायका तो एकमेकींच्या हातात देतात. मग तो बाळाशेजारी पाळण्यात ठेवतात. बाळ वरवंट्यासारखं घट्ट व्हावं म्हणून. म्हातारीनं आयुष्यात टोपडं घातलेला दगड पाहिला होता तो फक्त तेवढ्याच कारणासाठी. इथं तर डोंगरच्या डोंगर. तिला वाटलं, ह्या गावात फार लेकरं जन्मतात आणि त्यांची बारशी इथं करतात.

ती खाली वाकली. एका जिझोचं टोपडं वाऱ्यानं तिरकं झालं होतं, ते सरळ केलं. दुसऱ्याच्या गालावरनं बोट फिरवलं. आणि मग, कंबरेवर हात ठेवून, त्या सगळ्यांपुढे उभी राहून तिनं पाळणा म्हटला. आवाज चिरका होता, मधले शब्द विसरत होती, तिथं नुसतं जो जो करत होती. त्या उतारावर तेव्हा आणखी कुणी नव्हतं.

गाइडबाईनं मला विचारलं, "आजी काय म्हणतायत?" मी बारशाचं सगळं सांगितलं. वरवंटा, टोपडं, पाळणा. तिनं ऐकून घेतलं. झेंडा पहिल्यांदाच खाली आला.

"त्यांना सांगू नका," ती म्हणाली. "इथं येऊन कुणी गात नाही. त्यांना तसंच वाटू दे." मग थोडं थांबून, वाटेच्या कडेला अगदी टोकाला बसलेल्या एका लहान दगडाकडे तिनं हात केला. त्याचं टोपडं पिवळं होतं, झेंड्याच्याच रंगाचं. "तो कडेचा आमचा आहे. मुलगी. जन्मली आणि संध्याकाळपर्यंत गेली. दुकान चालायचं तेव्हा रोज सकाळी टोफूचं पाणी निथळेपर्यंत मी इथं येऊन जात असे."

नाही सांगणार, अशी मी मान हलवली. म्हातारीच्या बुटाची नाडी सुटली होती, ते निमित्त करून मी तिला खालच्या बाकावर नेलं. वर बिल्डर आणि गाइडबाई राहिले. त्याचं मोठ्यानं बोलणं मला ऐकू येत होतं. मराठी, हिंदी, इंग्रजी सगळ्याचा काला. गार्डन, सँपल, इंडिया, व्हेरी नाइस. आणि त्याच्या मधे मधे तिचं मऊ, अदबीचं, हाय, हाय. मग ती आमच्याकडे उतरून आली. तिची पाठ त्याच्याकडे होती. तो पाठपिशवीची चेन लावत मागून आला.

राहायला देवळाचीच धर्मशाळा होती. संध्याकाळी जेवणाची पानं छोट्या बुटक्या चौरंगांवर मांडली. तिळाचा टोफू, अगदी खरवसासारखा. म्हातारीनं तो चाखला आणि 'गूळ कमी हाय' असा शेरा मारला. बिल्डर खोलीत जाऊन पिशवी घेऊन आला. चेन उघडली आणि चौरंगावर, भाताच्या वाटीशेजारी, दण्णकन दगड ठेवला.

"मॅडम, सँपल," तो म्हणाला.

टोपडं नव्हतं. लाळेरं होतं, पण गळ्यात नव्हतं. त्यानं हातात घेतलं होतं. त्याच्या अंगठ्याला तंबाखू मळताना चुना लागला होता. बोलता बोलता त्यानं तो चुना त्या लाळेऱ्याला पुसला.

तोंडावर हात धरून मी विचारलं, "कुठून आणलंत हे?"

"बाईनं दिला. असातसा न्हाय उचलला. कडेचाच घेतला, मधलं डिझाइन नको बिघडायला. पुन्यांदा पुन्यांदा इचारून घेतला. दर येळी हाय म्हणाली."

"हाय म्हणजे ऐकतेय. घ्या असं नव्हे."

"हाय म्हंजी हाय. नको हुतं तर नको म्हणायचं तिनं. आपली काय जबरदस्ती हाय का?"

"तो दगड कशासाठी असतो ते तरी माहितेय तुम्हाला?"

"दगुड तर हाय, मॅडम. तिथं ढिगानं पडल्यात. आपण कारागिराला दाखवू, फायबरमधी शंभर काढू, एंट्रन्सला दोन्ही बाजूंनी लावू. वेलकम करताना हात जोडल्यात बघा, किती झ्याक दिसंल."

काही माणसांचा राग येतो, तो आला की गेला. ह्याचा मला राग आला नाही. त्याच्या ताटाकडे, त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात सुकलेल्या त्या तपकिरी रेघेकडे, दगडाच्या डोक्यावरून फिरणाऱ्या त्याच्या बोटांकडे बघून अंगावर पाल पडल्यासारखं झालं. गाइडबाईला मी शब्द दिला होता तो आजींना न सांगण्याचा. पण आता आजी चौरंगापलीकडून आमच्या दोघांकडे बघत होत्या आणि तो दगड त्यांच्या पोरानं आणला होता. मी मराठीत, सरळ, सगळं सांगितलं. ते बारशाचे वरवंटे नाहीत आजी. ती गेलेली लेकरं आहेत. आणि हे त्या गाइडबाईचं आहे.

म्हातारीचा हात भातात होता. तिनं तो हळूच बाहेर काढला, पाण्याच्या वाटीत धुतला, पदराला कोरडा केला. दगड उचलून मांडीवर घेतला. पोराच्या हातातलं लाळेरं ओढून घेतलं, चुना लागलेली बाजू आत दुमडली आणि गळ्यात बांधलं.

"टोपडं कुठं हाय रं?"

"पडलं आसंल वाटंत."

तिनं पुढे जेवण केलं नाही. मग तिनं विचारलं, अगदी साध्या आवाजात, "आपली दोन बांधावर हायती, ती हायती न्हवं रं जाग्यावर?"

मला कळेना. तिनं मला समजावून सांगितलं. तिची पहिली दोन लेकरं उपजत गेली होती. तान्ह्या लेकराला जाळत नाहीत, पुरतात. शेताच्या बांधावर, कडुलिंबाखाली, सासऱ्यानं स्वतः खड्डा काढला होता. शेत गेलं, घर गेलं, तरी तो कोपरा तेवढा सोड, असं सांगूनच तिनं कागदावर अंगठा दिला होता.

"हायती की, आई," बिल्डर म्हणाला. तो कॅमेऱ्यात दिवसभराचे फोटो बघत होता. "तो कोपरा गार्डनला सोडलाय."

सकाळी आम्ही दगड परत करायला निघालो. तो म्हातारीनं पदरात धरला होता. पोराला हात लावू दिला नाही. गाइडबाई वेशीशी उभी होती, ठरल्या वेळी, झेंडा वर धरून. तिनं आदल्या संध्याकाळीच परत जाऊन पाहिलं होतं हे मला तिचा चेहरा बघताक्षणी कळलं. तरी ती आली होती, कारण पाहुण्यांना उरलेली देवळं दाखवायचं कबूल केलं होतं. म्हातारीनं पदर उघडला. गाइडबाईनं खांद्यावरच्या पिशवीतून ते पिवळं टोपडं काढलं. वाटेत सापडलं होतं. धुऊन वाळवून, घडी घालून आणलं होतं.

दोघींनी मिळून ते घातलं. एकीनं डोकं धरलं, दुसरीनं बंद बांधले.

मग गाइडबाई बिल्डरसमोर गेली आणि कंबरेत वाकली. म्हणाली, मला तुमचं बोलणं नीट समजलं नाही आणि मी स्पष्ट सांगितलं नाही, चूक माझी झाली, तुम्हाला त्रास पडला, मला क्षमा करा. मी ते सांगायला तयार नव्हते, पण तिचं वाकणं सगळ्या भाषांत कळण्यासारखं होतं. बिल्डरनं हात वर करून म्हटलं, "नो प्रॉब्लेम, नो प्रॉब्लेम." तिनं माफी मागितली आणि ह्यानं ती मोठ्या मनानं देऊन टाकली. चोराच्या उलट्या बोंबा ऐकल्या होत्या. चोराचा मोठेपणा पहिल्यांदा बघितला.

पुण्याला आल्यावर मी त्याचं काम सोडलं. फोन आला की उचलत नसे. पण दोनेक महिन्यांनी त्याच नंबरावरून म्हातारी बोलली.

"पोरी, मला दोन वरवंटे आणून दे. मंडईपाशी मिळत्यात. बारके बघून आण."

मंडईच्या मागच्या अंगाला पाटे-वरवंटे घेऊन बसणारी एक बाई अजून होती. तिनं मला दोनदा विचारलं, पाट्याबिगर नुसते वरवंटे घेऊन काय करणार? मी म्हटलं, हवेत. ती म्हणाली, "घ्या. आता मिक्सरवाली लोकं शोला बी नेत्यात." पिशवीत ते दोन दगड घेऊन मी रिक्षानं वारज्याला गेले. शेजारच्या प्लॉटवर लाल कमान लागली होती आणि तिच्यावर जपानी अक्षरं रंगवलेली होती, त्यातलं एक उलटं. मी तिकडं परत बघितलं नाही.

म्हातारी पहिल्या स्कीमच्या गार्डनमध्ये वाट बघत होती. गार्डन म्हणजे प्लॅस्टिकची हिरवळ, एक बंद कारंजं आणि सिमेंटचे दोन हंस. तिनं दोन टोपडी शिवून आणली होती, आपल्याच जुन्या लुगड्याच्या काठाची. वरवंटे पायरीवर ठेवून तिनं त्यांना ती घातली आणि दोन्ही कवेत घेऊन उठली. भिंतीपर्यंत गेली, थांबली, मागे आली. "हितं न्हाय," ती म्हणाली. "हितं इहीर हुती. इहिरीपासनं उगवतीला बांध." उगवतीला गार्डनची भिंत होती आणि भिंतीपलीकडे खाली जाणारा उतार. ती उतार उतरू लागली. मी मागोमाग.

खाली तळघरात पार्किंग होतं. खांबांवर फ्लॅटचे नंबर, जमिनीवर पिवळ्या रेघा, सगळीकडे पेट्रोलचा आणि ओलसर सिमेंटचा वास. कोपऱ्यात कुणीतरी पानाच्या पिचकाऱ्या मारलेल्या. ती एका खांबापासून दुसऱ्यापर्यंत चालत गेली, दिशा लावायला मान वर करून बघू लागली, पण वर स्लॅब होता.

"आजी, हितं थांबू नका, गाडी येतीया," वॉचमन म्हणाला. बिल्डरची आई आहे हे त्याला माहीत नसावं, किंवा माहीत असून फरक पडत नसावा. गाडी खरंच आली. तीतला गृहस्थ काच खाली करून अत्यंत अदबीनं म्हणाला, "आजी, ही जागा आमची आहे. पैसे मोजून घेतलेली. आपल्याला देऊळ वगैरे बांधायचं असेल तर सोसायटीच्या मीटिंगमध्ये मांडा." मी त्याला काय बोलले ते इथं लिहीत नाही. त्यानं काच वर केली आणि आमच्या पायांपासून टीचभर अंतरावर गाडी लावली.

वॉचमननं फोन केला म्हणून बिल्डर आला. म्हातारीनं त्याला विचारलं, "कडुलिंब कुठं हुता रं? नेमका कुठं?"

त्यानं इकडंतिकडं बघितलं. त्यालाही सांगता येईना. "हितंच कुठं तरी, आई. आता कसं कळणार? बेसमेंटला खाली लई खणलंय."

"मग माती कुठं गेली?"

"भरावाला गेली असंल. ठेकेदारानं नेली, तवा रस्त्याचं काम चालू हुतं."

दोन्ही वरवंटे तिनं छातीशी धरले होते. एकाचं टोपडं डोळ्यांवर आलं होतं. तो माझ्यासमोर ओशाळला असावा. घड्याळाकडे बघत, जरा समजुतीच्या सुरात म्हणाला, "आता कुठं बी ठेव गं. सगळी आपलीच तर जागा हाय."

म्हातारीनं त्याच्याकडे वर मान करून बघितलं.

"आपली कुठली? इकलीस न्हवं तू."